नीळपंखी शाईचा भाव

मंगळवार, २ सप्टेंबर १९८६, मुलुंड

नीळपंखी इंक वर्क्सचा वार्षिक अहवाल आज पोस्टाने आला. पाकीट फोडून आधी वास घेतला. सूनबाई उत्तरा म्हणाली, "बाबा, लोक आधी डिव्हिडंड बघतात." आता उत्तराला काय सांगायचं! जन्मभर छापखान्यात प्रूफं वाचली, ताज्या छपाईचा वास हीच माझी पेन्शन. दुसरी नाहीच.

मुखपृष्ठावर तोच निळा पक्षी, एक पंख पसरलेला. राजापूरच्या शाळेत आमच्या मास्तरांच्या टेबलावर या पक्ष्याची बाटली असे. आम्हा पोरांना पुडीची शाई, पाण्यात कालवलेली. पण कविता न अडखळता म्हणून दाखवली की मास्तर त्या बाटलीत टाक बुडवून स्वतःचं नाव एकदा लिहू देत. 'अनंत' हा शब्द तेव्हा मी जितका सुंदर लिहिला तितका पुढे कधी जमला नाही. निवृत्तीच्या पैशातून शेअर घ्यायचे ठरले तेव्हा दुसऱ्या कंपनीचं नाव मनातसुद्धा आलं नाही. दोनशे घेतले. कारखाना इथे मुलुंडातच, बसमधून दिसतो.

यंदा मात्र नुसता वास घेऊन भागणार नाही. गुणाजीला उत्तर द्यायचंय.

गुणाजी परब. मी संध्याकाळी लालबागच्या रात्रशाळेत मराठी शिकवायचो तेव्हाचा विद्यार्थी. गिरणीतून दमून यायचा, मागच्या बाकावर झोपायचा, आणि कविता सुरू झाली की डोळे उघडायचा. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. आता कुठे त्याच्या हिशेबाचे पैसे हातात आलेत. गेल्या वर्षी माझ्या सांगण्यावरून त्याने नीळपंखीचे दहा शेअर हौसेखातर घेतले होते. आता विचारतोय, सगळेच पैसे त्यात घालू का? नाहीतर दहिसरला मेहुण्याबरोबर पिठाच्या चक्कीत भागीदारी आहे. त्याच्या बायकोचा, शेवंतीचा, ओढा चक्कीकडे.

"मास्तर, माका त्यातला काय कळना नाय," तो म्हणाला. "तुमी वाचून सांगा. तुमी सांगशात तसा करतंय."

शेअरचा भाव आज अडतीस आहे. अडतीसला घेण्यासारखा आहे की नाही, एवढंच सांगायचंय. वाचायचं तर काम. आयुष्यभर तेच केलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

वाचता येत नाही.

म्हणजे अक्षर न अक्षर वाचलं. छपाई स्वच्छ, एक टाइप मोडका नाही. पण प्रत्येक आकड्याला तळटीप, तळटिपेला परिशिष्ट, परिशिष्टात पुन्हा 'टीप पाहा'. पाहिली. तिथून त्यांनी मला पुन्हा पहिल्या पानावर धाडलं.

'गंगाजळी' हा शब्द मला फार आवडायचा. वाटायचं, कंपनीच्या तळघरात कुठेतरी पैसे शांतपणे साठलेले आहेत, अडीअडचणीला काढायचे. उत्तरा घाटकोपरला बँकेत आहे. तिला विचारलं तर ती हसली. "बाबा, ते पैसे कधीच यंत्रांत आणि मालात गेलेले असतात. तळघर वगैरे काही नसतं."

इतकं देखणं नाव आणि आत घोटभर पाणी नाही. चिडून चष्मा आपटला, त्याची काडी सैल झाली.

गुणाजी आज गणपतीला गावी गेला. जाताना फलाटावर हात हलवून म्हणाला, "येयपर्यंत वाचून ठेवा हां!" शेजारच्या चार माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी ऐटीत मान हलवली. कशाच्या जोरावर हलवली ते आता कळत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

छापखान्यात प्रूफ एकट्याने वाचत नसत. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफावर नजर ठेवायची. वाचणारा तो कॉपीहोल्डर. हे मला आधी कसं सुचलं नाही? उत्तराला गेल्या वर्षीचा अहवाल दिला, यंदाचा मी धरला.

ती बँकेतून येऊन गवार मोडायला बसली होती. म्हणाली, "बाबा, हात मोकळे नाहीत."

"डोळे मोकळे आहेत ना? मांडीवर ठेव आणि वाच. स्वल्पविरामासकट."

"स्वल्पविराम कशाला?"

"त्याशिवाय कॉपीहोल्डिंग होत नाही."

बिचारीने वाचलं. 'कॉमा' म्हणत म्हणत, गवारीच्या शिरा काढत. आणि रीत किती खरी! हिशेबाच्या धोरणांच्या पानावर चूक सापडली. घसारा, म्हणजे यंत्रं जुनी होतात त्यापोटी दरवर्षी नफ्यातून वजा करायची रक्कम, गेल्या वर्षी 'घटत्या किमतीवर' काढला होता. यंदा छापलंय 'समान हप्त्यांनी'. बाकी वाक्य जसंच्या तसं. कंपोझिटरची डुलकी, दुसरं काय. मी तांबड्या शाईने समासात खूण केली. किती वर्षांनी केली!

"बाबा, ती चूक नसेल," उत्तरा म्हणाली.

"चाळीस वर्षं मी हेच केलंय."

"तसं नाही हो, घसारा काढायची पद्धतच..." तेवढ्यात माझा मुलगा मधुकर कामावरून आला, त्याला चहा पाहिजे होता, ती उठली. मी कंपनीला पोस्टकार्ड टाकलं: पान अमुक, ओळ तमुक, मुद्रणदोष आहे, पुढील आवृत्तीत सुधारावा.

आणखी एक गोष्ट मात्र छपाईची नव्हती. 'येणी' या सदरात गेल्या वर्षी सत्तर लाख, यंदा एक कोटी एकसष्ट.

"येणी म्हणजे?"

"माल दिला, पैसे यायचेत ते," उत्तरा आतून म्हणाली.

"मग येतील की."

"येतील हो. पण विक्री वाढली थोडीशी आणि येणी दुपटीच्या वर गेली. का ते विचारायला नको?"

विचारायला पाहिजे हे खरं. सव्वीस तारखेला भागधारकांची सभा आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

शेअरची खरी किंमत काढायची रीत उत्तराने बँकेच्या एका कोऱ्या पावतीमागे लिहून दिली. एका शेअरमागे कंपनीला नफा किती झाला ते बघायचं, आणि त्याची काही पट धरायची. यंदाचा नफा चाळीस लाख, शेअर दहा लाख. म्हणजे शेअरमागे चार रुपये. इथपर्यंत चौथीचं गणित.

पण कितीपट?

"ते तुम्ही ठरवायचं," ती म्हणाली. "कंपनी किती भरवशाची वाटते त्यावर. चालू धंद्याला कुणी दहा धरतं, कुणी आठ."

भरवसा! मग मी पंधरा धरली. साठ आले. साठ हा आकडा कागदावर पाहिला आणि इतकं बरं वाटलं की दुपारी छान झोप लागली. उठल्यावर उत्तरा म्हणाली, "पंधरा का?" मी म्हटलं, "का म्हणजे? नीळपंखी आहे ती." तिने पंधराखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि पावती माझ्यापुढे सरकवली. तिची ही सवय मला आवडत नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर. अनंत चतुर्दशी

विसर्जनाच्या गर्दीआधी स्टेशनजवळच्या दशरथच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात शाईची बाटली घ्यायला गेलो. आत पाहिलं तर भिंतभर नीळपंखीची खोकी, छतापर्यंत. दशरथ स्वतःही एका खोक्यावरच बसला होता.

"एवढी?" मी म्हटलं.

"मार्चमध्ये कंपनीचा माणूस टाकून गेला काका. म्हणाला, ठेव रे, पैसे विकल्यावर दे, घाई नाही. मी म्हटलं ठेव, माझ्या बापाचं काय जातंय. बसायला झालं."

"खपते ना?"

"तुमच्यासारखे एकदोन येतात. पोरांना बॉलपेन पायजे. तुम्हाला दोन देऊ का? तीन घ्या ना."

तीन घेतल्या. त्या निळ्या भिंतीसमोरून हलवेना. संध्याकाळचं ऊन खोक्यांवर पडलं होतं आणि सगळे पक्षी एकाच बाजूला उडत होते. एवढ्या शाईत किती नावं लिहून होतील! उत्तरा म्हणते येणी, येणी. तिने एकदा हे दुकान पाहायला हवं, कंपनीचा पसारा किती मोठा आहे ते कळेल.

सोमवार, २२ सप्टेंबर

गुणाजी गावाहून आला, सोबत खोबऱ्याच्या वड्या. सभेला येणार म्हणतो. दहा शेअरचा का होईना, मालक आहे. "मास्तर, तुमी थंय काय विचारतात ता ऐकतंय, मगे ठरवतंय," म्हणाला. म्हणजे सगळं सव्वीस तारखेवर आलं.

प्रश्न लिहायला बसलो. 'येणी दुपटीहून अधिक का वाढली, शिल्लक माल का वाढला, आणि रोख पैसे कुठे आहेत?' लिहून झालं आणि वाचलं. एखाद्या वसुलीवाल्याने दारावर थाप मारावी तसं वाटलं. ज्या बाटलीतून पहिलं नाव लिहिलं तिच्या मालकाशी असं बोलायचं? पाच वेळा खोडलं. शेवटी गॅलरीत उभा होतो, समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, आणि भुजंगप्रयातात ओळी आपोआप आल्या:

उधारी जशी चंद्र वाढे कलेने,
भरे माल-कोठार हे वैभवाने;
नफा हा दिसे आरशाच्या तळाशी,
कधी रोख येईल सांगा घराशी?

एकही मात्रा इकडची तिकडे नाही. उत्तराला म्हणून दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "प्रश्न कुठाय?"

"चौथ्या ओळीत."

"आणि लोक चौथ्या ओळीपर्यंत थांबतील?"

"कविता आहे ती. कविता शेवटपर्यंत ऐकतात."

"बाबा, साधं विचारा ना. येणी का वाढली. तीन शब्द."

या पिढीला सगळं तीन शब्दांत हवं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सभा मंगल कार्यालयात होती. पितृपक्षात लग्नं नसतात, हॉल स्वस्तात मिळतो. नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, एकीवर अध्यक्ष बसले, दुसरीवर कोणी बसेना म्हणून तिच्यावर फायली ठेवल्या. दारात प्रत्येकाला खाऊचा डबा, सोबत भेट म्हणून एक बॉलपेन. शाईच्या कंपनीने बॉलपेन! मी परत करणार होतो, पण गुणाजीने दोन्ही खिशात टाकली.

एका भागधारकाने एकदाच बोलायचं, असा नियम. माझ्या आधी तिघे बोलले. एकाने अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतिलं. एकाने डब्यातला सामोसा गेल्या वर्षीपेक्षा लहान असल्याची तक्रार केली, त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या. तिसऱ्या गृहस्थांनी संस्कृत श्लोक म्हटला, कंपनीशी त्याचा संबंध मला लागला नाही.

मग मी. माइक हातात आल्यावर रात्रशाळेचा आवाज परत आला. खरंच परत आला, खोटं नाही लिहीत. "उधारी जशी चंद्र वाढे कलेने," हॉल शांत झाला. "भरे माल-कोठार हे वैभवाने," आणि टाळ्या सुरू झाल्या. मी थांबलो. वाटलं थांबतील. त्या वाढल्या. अध्यक्ष उठून उभे राहिले, हात जोडले, "आपल्या शुभेच्छा हेच आमचं भांडवल," म्हणाले. माइकवाल्याने माइक घेतला आणि पुढच्याला दिला. तिसरी आणि चौथी ओळ मी माइकशिवाय म्हटली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी ऐकली असावी, कारण त्यांनी मला बसायला जागा करून दिली.

पुन्हा हात वर केला. "आजोबा, तुमचं झालं," माइकवाला म्हणाला.

ठराव एकमताने मंजूर. बाहेर पडताना मी अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, "मला विचारायचं होतं." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "फार सुंदर. हल्ली असं कोणी लिहीत नाही. पुढच्या वर्षी मोठी आणा. डबा घेतलात ना?"

घेतला होता. घरी आल्यावर सामोसा खाल्ला. लहानच होता.

प्रश्न मात्र मी विचारला आहे. सभेच्या इतिवृत्तात येईलच.

शनिवार, २७ सप्टेंबर

गुणाजी सकाळीच आला. चेहरा असा फुललेला की मला वाटलं मुलाचं लग्न ठरलं.

"काय टाळये पडले, मास्तर! माजो ऊर भरान इलो. अध्यक्ष उभो रवलो तुमच्यासाठी." आणि मग, "मी ठरवलंय. सगळे पैसे नीळपंखीत. चंद्रप्रकाशाकडे चेक देवन पण इलंय."

चंद्रप्रकाश म्हणजे इथला शेअरची कामं करणारा, ड्रायक्लीनिंगच्या दुकानात फोन ठेवून बसतो. तो चेक घेऊन परवाच खरेदी करणार होता म्हणे. पण शेवंतीने अडवलं. पितृपक्षात पैसे गुंतवायचे नाहीत, मेल्या माणसांचा पंधरवडा, घट बसू देत मग काय ते करा. म्हणून सहा तारखेला, सोमवारी खरेदी.

मी "अरे, पण" म्हटलं. एवढं मी नक्की म्हटलं.

तो म्हणाला, "तुमी म्हणूक लागलात आणि माका रात्रशाळा आठावली. मी मनात म्हटलंय, मास्तरच जर गावन सांगतत, मगे काय भ्या?" त्याचे डोळे पाणावले होते. माझेही. मग त्याने दोन कविता म्हणायला लावल्या, सहावीच्या पुस्तकातल्या. दोन्ही मला पाठ निघाल्या. तो गेल्यावर 'पण'च्या पुढचं वाक्य आठवलं.

सोमवार, २९ सप्टेंबर

उत्तराशी भांडण झालं. म्हणजे मी भांडलो.

तिने न विचारता अहवाल घेतला आणि मला समोर बसवलं. आज गवार नव्हती, हात मोकळे होते. म्हणाली, "बाबा, तुमची ती तांबडी खूण. ती चूक नाही. कंपनीने घसारा काढायची पद्धत बदलली. त्यामुळे यंदा खर्च कमी दिसतो, नफा जास्त." आणि तिने हिशेबतपासनिसांचा अहवाल काढून एका ओळीवर बोट ठेवलं. या बदलामुळे नफा नऊ लाखांनी अधिक दिसतो, असं तिथे स्वच्छ छापलं होतं.

ती ओळ मी तपासली होती. तीत एकही चूक नव्हती.

"गेल्या वर्षी नफा एकतीस लाख. यंदा चाळीस. वाढ नऊ. कळतंय का?"

कळत होतं. चौथीचं गणित.

"आता दशरथचं दुकान," ती म्हणाली. मी तिला त्या निळ्या भिंतीबद्दल मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. "मार्चमध्ये का टाकली खोकी? मार्चअखेर हिशेब बंद होतात. दुकानात पाठवली की विक्री म्हणून लिहायची, पैसे आले नाहीत की येणी म्हणून लिहायचं. तुम्ही पाहिलीत ना, ती भिंतच येणी आहे बाबा. असे दशरथ किती असतील? आणि हे बघा, बँकेचं कर्ज वर्षात कोटीभर वाढलंय. तुमचा डिव्हिडंड कशातून येतोय वाटतं?"

मी ओरडलो. म्हटलं, "तू कधी शाईने लिहिलंयस का?"

ती शांतपणे म्हणाली, "नाही ना बाबा. तेच तर."

नंतर तिनेच पेन्सिल घेऊन पुन्हा मांडलं. चाळीसातून ते नऊ गेले की एकतीस लाख, त्यांतून परत येईल तो माल वजा. शेअरमागे सव्वादोन रुपये राहिले. मी म्हटलं, पट तरी दहा धर. तिने आठ धरली. "शाई आहे," म्हणाली. आले अठरा.

अठरा. लोक अडतीस देताहेत आणि मी साठ म्हणत होतो. मधुकर मधे येऊन म्हणाला, "बाबा, चेहरा असा का? जेवलात ना?" जेवलो होतो. कशाची भाजी ते आठवत नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

घाटकोपरला गुणाजीकडे जायला निघालो. बसथांब्यावर उभा राहून वाक्यं जुळवत होतो. 'गुणाजी, सख्या, ऐक माझी व्यथा ही.' पुन्हा वृत्तात. 'ते शेअर घेऊ नकोस' असं म्हणायचं तर ओठांवर ते 'नको घेऊ ते शेअर' होऊन येतं आणि पुढे यमक शोधायला लागतं. चीड आली स्वतःची. दोन बसेस सोडल्या. तिसरीच्या कंडक्टरने विचारलं, "येताय का आजोबा?" मी म्हटलं, "नाही." घरी आलो.

उत्तराला सांगितलं, सुट्टीमुळे बसेस कमी होत्या.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सर्वपित्री अमावस्या

आज गुणाजीकडे पित्रांचं जेवण, अशा घरी आज काय जायचं. उत्तराने डबा भरता भरता एवढंच म्हटलं, "सोमवारी तो खरेदी करेल बाबा." मी म्हटलं, "ठाऊक आहे." दिवसभर त्या दोन शब्दांचाच आवाज कानात. माझाच आवाज, पण किती रुक्ष.

रविवार, ५ ऑक्टोबर

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मला वेगळंच आठवायला लागेल.

गुणाजी घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत भावाच्या खोलीत राहतो. घट बसलेले, समोर दिवा. शेवंतीने पाट दिला, पाणी दिलं. गुणाजी म्हणाला, "बरा झाला इलात. उद्या चंद्रप्रकाश घेता. किती दिवसांनी दुप्पट होतीत, मास्तर?"

मी म्हटलं, "घेऊ नकोस."

तो हसत होता तो तसाच राहिला.

मी सांगितलं. कंपनीने दुकानदारांकडे शाई नुसती ठेवून दिली आहे. ती विकत नाही. पैसे आलेले नाहीत. नफा वाढलेला दिसतो तो लिहिण्याच्या पद्धतीमुळे. शेअर अडतीसचा नाही, अठराचा आहे. बोलताना घाम आला. प्रत्येक वाक्य संपलं की मला वाटे यापुढे आणखी काही हवं, काही तरी गोड, आणि मी दात आवळून पुढचं वाक्य घेई.

शेवंती फळीवर ताटं लावत होती, ती वळली. "मगे त्या दिवसा टाळये कित्याक वाजयल्यानी?"

मी म्हटलं, "वृत्ताला."

"कोणाक?"

"म्हणजे चालीला. पुढच्या दोन ओळींत प्रश्न होता. तो कोणी ऐकला नाही."

"तुमका ह्या कधी कळला?" गुणाजीने विचारलं.

"येणीचं सभेआधीच. सगळं सोमवारी."

"आणि आज रविवार." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी दिव्याकडे पाहिलं. शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी रेडिओवर क्रिकेट चाललं होतं. तो बायकोकडे वळून बोलला, जणू मी तिथे नव्हतोच.

"शाळेतय मास्तर असाच करीत गो. कविता म्हणीत, आमका डोलवीत, आणि म्हणीत, अर्थ उद्या सांगतंय. आणि उद्या गणिताचो तास."

शेवंतीला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. त्याला नाही आलं.

मग तो म्हणाला, "उद्या माझ्यावांगडा चला चंद्रप्रकाशाकडे. चेक परत घेवक. माका विचारीत कित्याक, तर तुमी सांगा. आणि थंय कविता नको."

सोमवार, ६ ऑक्टोबर

गेलो. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लोंबणाऱ्या कोटांखाली चंद्रप्रकाश फोन धरून बसला होता. गुणाजीला बघून म्हणाला, "ये रे, लकी माणूस. आज एक्केचाळीस झाला. लावू ना?"

"तीन रुपये कशानं वाढले?" मी विचारलं.

"अहो, सभा झकास झाली म्हणे. भागधारक इतके खूश की एका म्हाताऱ्याने उभं राहून कविता म्हटली. मार्केटमध्ये बोलतायत सगळे. पन्नास बघेल दिवाळीला. थांबलात तर वाट लागेल यार, नंतर म्हणू नका सांगितलं नाही."

मला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते.

गुणाजीने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं, तो एक्केचाळीस आणि पन्नास यांच्यामधलं अंतर मोजत होता. "मास्तर, काल तुमी किती म्हणालात?"

"अठरा."

"नक्की?"

"अठरा."

"अठरा?" चंद्रप्रकाश म्हणाला. "कोण म्हणतंय अठरा? हे कोण?"

"ह्ये माझे मास्तर," गुणाजी म्हणाला. "चेक परत दी. आणि ते दहा आसत, ते विकून टाक."

चेक मिळाला. बाहेर आल्यावर त्याने तो घडी करून आतल्या खिशात ठेवला, मला नमस्कार केला नाही, पण बस येईपर्यंत थांबला. बस आल्यावर मागच्या दाराने चढवून दिलं, गर्दी होती म्हणून.

संध्याकाळी उत्तराने विचारलं, "तुमच्या दोनशेचं काय केलंत बाबा? आज भाव चांगला होता."

पेटीत आहेत. त्यांचं बघू उद्या.